पुढच्या उन्हाळ्याची समिती

विद्यार्थ्यांची परिषद म्हटली की आपल्याला आधी फलक दिसतो, मग शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं लांबलेलं भाषण. मुलं मागच्या खुर्च्यांवर चुळबुळत असतात. म्हणून जपान-अमेरिका विद्यार्थी परिषदेचं मला कौतुक वाटतं. तिथे व्यासपीठ मुलांचं, आणि दमछाकही मुलांचीच.

तिचा जन्म १९३४चा. त्याच्या दहा वर्षं आधी अमेरिकेने कायदा करून जपानी स्थलांतरितांना दार बंद केलं होतं. १९३१मध्ये जपानी सैन्य मांचुरियात घुसलं आणि १९३३मध्ये जपानने राष्ट्रसंघाला रामराम ठोकला. दोन सरकारांचं बोलणं असं आटत चाललेलं असताना जपानमधल्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं, आपण बोलू. त्यांतले चौघे समुद्र ओलांडून अमेरिकेला गेले, विद्यापीठांचे उंबरठे झिजवले आणि ९९ विद्यार्थ्यांना टोकियोला यायला राजी केलं. तिथल्या आओयामा गाकुइन या शिक्षणसंस्थेत पहिली परिषद भरली. नंतरच्या सहलीत पाहुण्यांना कोरिया आणि मांचुकुओ, म्हणजे मांचुरियात जपानने उभं केलेलं राज्यही दाखवलं. म्हणजे ज्या मुलखावरून भांडण, त्याच मुलखात यजमानांनी फिरवून आणलं! यात संवाद किती आणि जपानची बाजू पटवणं किती, ही माझी शंका अजून फिटलेली नाही. पाहुण्यांनी मात्र आमंत्रणाची परतफेड केली. दुसऱ्या वर्षी परिषद ऑरेगनमधल्या रीड कॉलेजात झाली आणि आलटून-पालटून यजमानपदाची रीत पडली.

१९३९च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला जमलेल्या जपानी तुकडीत टोकियोतला कायद्याचा एक विद्यार्थी होता, किइची मियाझावा. त्याच जुलैत अमेरिकेने जपानसोबतचा व्यापार करार मोडण्याची नोटीस दिली. मोठी माणसं करार मोडत होती, आणि मियाझावांचं लग्न जुळलं ते याच परिषदेत भेटलेल्या मुलीशी. १९४०ला परिषद पुन्हा भरली. पुढच्या वर्षी डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि दोन्ही देश युद्धात उतरले.

परिषदेने युद्ध थांबवलं नाही, आणि विशीतल्या मुलांकडून तशी अपेक्षा धरणंही अन्यायाचं. पण १९४७मध्ये, टोकियो अजून ढिगाऱ्यांतून सावरत असताना, ती पुन्हा सुरू झाली, हे मला जास्त मोठं वाटतं. १९५१च्या परिषदेला पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर हजर होते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेला गेलेल्या जपानी शिष्टमंडळात मियाझावा होते. १९९१मध्ये ते जपानचे पंतप्रधान झाले. मधल्या काळात परिषद पुन्हा थंडावली होती, ती १९६४ला नव्याने उभी राहिली.

तिचं खरं यंत्र मात्र या नावांत सापडत नाही. साधारण तीन-चार आठवडे दोन्हीकडची मुलं एकत्र राहतात, गावोगाव फिरतात, छोट्या गटांत विषय घेऊन वाद घालतात. दोन तासांच्या परिसंवादात प्रत्येक जण आपल्या देशाचा वकील असतो. तिसऱ्या आठवड्यात, मोजे वाळत घातलेल्या खोलीत, ते वकीलपत्र किती दिवस मिरवणार? शेवटी हीच मुलं आपल्यातून पुढच्या वर्षीची कार्यकारी समिती निवडतात. मदतीला दोन्ही देशांत संस्था आहेत, पण विषय, गावं, वक्ते, देणगीदार हे सगळं समितीनेच बघायचं. त्यामुळे चालवणारा दरवर्षी जवळजवळ नवखाच. अनुभव म्हणाल तर एका उन्हाळ्याचा. निवडून आलेले घरी परततात, बॅग रिकामी करतात आणि दुसऱ्या देशातल्या जोडीदारांशी पहिल्या बैठकीची वेळ ठरवायला बसतात. इकडे रात्र असते तेव्हा तिकडे सकाळ असते.