पीर, गड आणि फॉरवर्ड

शाहूवाडी तालुक्यातल्या विशाळगडावर बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभू यांच्या समाध्या आहेत, अमृतेश्वराचे देऊळ आहे आणि हजरत मलिक रेहान बाबांचा दर्गाही आहे. १३ जुलै १६६० ची पावनखिंडीची झुंज मनात धरून पन्हाळ्याहून चालत निघालेली पोरे दर पावसाळ्यात याच मुलखात येतात. पोराबाळांचा नवस फेडायला कोल्हापूर, कोकण आणि कर्नाटकातून कुटुंबे येतात तीही इथेच. त्यांत हिंदू घरे पुष्कळ.

नवस फेडायचा म्हणजे नारळ, ऊद आणि गलेफ घ्यायचा, मुजावराने डोक्यावरून मोरचेल फिरवले की माथा टेकायचा. मग कंदुरी, म्हणजे पिराच्या नावाचे जेवण. पातेली, मसाला घरून आणलेला, दगडांची चूल मांडलेली, बायका वाटणाला बसलेल्या. अशा मुक्कामात लाकडे, पाणी, सावली दुसऱ्याकडून घ्यावी लागते आणि त्यातून ओळख होते. पुढच्या खेपेला त्याच ओळखीच्या दारात उतरायचे.

कोल्हापूर शहरात ज्या तालमी गणपती बसवतात, त्यांतल्या कित्येक मोहरमला कुदळ मारून पीरही बसवतात. कुरुंदवाडमध्ये पाच मशिदींत गणपती बसतो. हे कुणाच्या भाषणाने घडलेले नाही. वर्गणी कुणी गोळा करायची, मांडवाचे बांबू कुणाकडून आणायचे, मिरवणुकीत कुणी पुढे राहायचे, या कामांनी ते टिकवले. ज्याच्या खांद्याला खांदा लावून मांडव घातला, त्याच्याविषयी वाईट बोलायला जीभ धजत नाही. बोललेच, तर दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेल्यावर तो समोर उभा असतो.

फोनवर हे समोर येणे नाही. मजकूर कुणी लिहिला, कुठे पाहून लिहिला, हे वाटेत गळून पडते आणि राग तेवढा पुढे जातो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरली होती. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारा समाज हा. ज्यांना पाहून आजी सुपात धान्य आणायची, त्यांच्याकडे संशयाने बघायला एक मेसेज पुरला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला, असा नियम आला. वेग कमी झाला, पण स्क्रीनशॉट आणि स्टेटसला हा लगाम नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात एका स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करावे लागले.

१४ जुलै २०२४ ला ही झळ शाहूवाडीपर्यंत पोचली. गडावरची अतिक्रमणे हटवा, म्हणून ‘चलो विशाळगड’ची हाक दिली गेली होती. अतिक्रमणाचा प्रश्न खरा होता आणि तो कायद्याने सुटायला हवा होता. पण जमाव शिरला तो गजापूरच्या मुसलमानवाडीत. ही वाडी गडावर नाही, गडाच्या वाटेवर आहे. घरे फोडली, गाड्या फोडल्या, मशिदीची नासधूस केली. हल्लेखोर बाहेरगावचे होते, असे वाडीतल्या लोकांनी सांगितले. पाच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने गडावरच्या अतिक्रमणांचे पाडकाम पावसाळ्यात थांबवायला सांगितले. तोवर वाडीतल्या घरांतले धान्य, कपडे, भांडी यांचे जे व्हायचे ते झाले होते.

फोन वाईट, असे मी म्हणणार नाही. या तालुक्यातली माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली. पूर्वी मनिऑर्डर आणि चार ओळींचे पत्र हाच दुवा होता. आता गावची जत्रा व्हिडिओ कॉलवर दिसते, आजारी आईचा चेहरा दिसतो. हे फार मोठे देणे आहे. मात्र शेजारी कोण आणि कसा, हे ठरवायचे काम आपण त्या यंत्राकडे देऊन टाकले, ते परत घेतले पाहिजे.

म्हणून गावच्या ग्रुपांच्या ॲडमिनना एकच विनंती. एखाद्या वाडीबद्दल, दर्ग्याबद्दल किंवा देवळाबद्दल भडक मजकूर आला, तर तो पुढे जाऊ देऊ नका. त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला आधी फोन लावा आणि खरे काय ते त्याच्या तोंडून ऐका.