हार्ड डिस्कचे नवे दफ्तर

संगणकाच्या हार्ड डिस्कवर आपली पत्रे, छायाचित्रे आणि हिशेब ज्या व्यवस्थेने ठेवले जातात तिला फाइल सिस्टिम म्हणतात. आणि ती बदलावयाची म्हणजे सारा संग्रह उपसून पुन्हा भरावयाचा, हा रूढ समज सर्वस्वी खरा नाही. गावचे दफ्तर नव्या नमुन्यात उतरले म्हणून कोणाची जमीन जागची हलत नाही. तद्वतच डिस्कवरील मजकूर बहुधा आहे तेथेच राहतो आणि बदलते ती कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा हे सांगणारी नोंद.

१९९६ साली आलेल्या फॅट३२ पद्धतीत फाइलीचा आकार लिहिण्यास ३२ बिटांचाच रकाना असल्यामुळे, डिस्क कितीही रिकामी असो, ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल तीत मावत नाही. लग्नाचे अखंड चित्रीकरण साठवू पाहणारा अडतो तो येथेच. १९९३ सालच्या विंडोज एनटीबरोबर अवतरलेल्या एनटीएफएसमध्ये ही अडचण नाही. शिवाय नोंदींतील प्रत्येक फेरफार तेथे आधी रोजकीर्दीत टिपला जात असल्याने, मध्येच वीज गेली तरी दफ्तर सावरता येते.

फॅट३२ डिस्क एनटीएफएसवर नेणाऱ्या, विंडोजमधील ‘कन्व्हर्ट’ ह्या आज्ञेचे धोरण मला मोठे मुत्सद्दी वाटते. ती प्रथम डिस्कची तपासणी करते, मग रिकाम्या जागेत नव्या दफ्तराचा मसुदा रचते, आणि हे सर्व चालू असता जुन्या दफ्तराचा अंमल कायम ठेवून, अगदी अखेरीस, डिस्कच्या आरंभीचा, कोणते दफ्तर लागू हे सांगणारा बूट सेक्टर पालटून नव्याची द्वाही फिरवते. ॲपलने तर मार्च २०१७ मध्ये आयओएस १०.३ ह्या आवृत्तीबरोबर लक्षावधी आयफोन एचएफएस प्लस ह्या आपल्या जुन्या फाइल सिस्टिमवरून एपीएफएस ह्या नव्या फाइल सिस्टिमवर नेले, आणि बहुतेक मालकांना त्याचा पत्ताही लागला नाही. कारण आधीच्या आवृत्त्यांत त्याच फोनांवर रूपांतराची रंगीत तालीम गुपचूप करून ती मागे घेण्यात आली होती. मालकांस न विचारता केलेली ही तालीम उचित होती काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

‘कन्व्हर्ट’ला परतीची वाट नाही. एनटीएफएसवरून पुन्हा फॅट३२ हवे असेल, तर सर्व फाइली अन्यत्र हलवून डिस्क फॉरमॅटच करावी लागते. तेव्हा जी डिस्क एनटीएफएस न उमगणाऱ्या एखाद्या जुन्या दूरदर्शन संचाला किंवा कॅमेऱ्याला जोडावयाची, तिच्या वाटेस न जाणे बरे. मॅक संगणक एनटीएफएस वाचतो, पण स्वतःहून तीवर लिहीत नाही. उरलेल्या डिस्कांचे रूपांतर खुशाल करावे, मात्र सर्व फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यानंतरच.