कर्वेनगरचा गुप्तहेर

निखिल महाजन यांचा 2013 मध्ये प्रदर्शित झालेला 'पुणे 52' हा न्वार शैलीतला मराठी गुप्तहेरपट आहे. मराठीत ही जात दुर्मीळच. नावातलं 52 पिनकोडातून आलेलं: 411052 हा कर्वेनगर परिसराचा पिनकोड, आणि कथेचा काळ 1992. खासगी गुप्तहेर अमर आपटे (गिरीश कुलकर्णी) पैशांच्या ओढाताणीत आहे, बायको प्राचीशी (सोनाली कुलकर्णी) खटके उडताहेत. अशात नेहा (सई ताम्हणकर) नवऱ्यावर पाळत ठेवायचं काम घेऊन येते आणि अमर तिच्यातच गुंततो.

समीक्षक नीनो फ्रँक यांनी 1946 मध्ये पॅरिसमध्ये काही अमेरिकी गुन्हेपटांना 'न्वार' म्हटलं. जॉन ह्यूस्टनचा 'द माल्टीज फाल्कन' (1941) त्यांतला ठळक. त्याची मूळ कादंबरी लिहिणारा डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन एजन्सीत गुप्तहेर होता. न्वारची प्रकाशयोजनाही ठरलेली: एका बाजूने प्रखर दिवा लावायचा, सावल्या उजळणारा दुसरा दिवा जवळजवळ काढून घ्यायचा. अर्धा चेहरा अंधारात जातो, आणि माणूस खरं बोलतोय की खोटं, याचा अंदाज लागत नाही. मराठी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा गुप्तहेर धनंजय गुन्हेगार शोधतो आणि स्वतः स्वच्छ राहतो. न्वारमधला गुप्तहेर मात्र प्रकरणात स्वतःच बरबटतो, आणि गुन्ह्याच्या उकलीपेक्षा हे बरबटणंच जास्त अस्वस्थ करतं.

गुप्तहेराच्या धंद्याला अनोळखीपणा लागतो. नांदुऱ्यासारख्या लहान गावातल्या एसटी स्टँडवर एखादा परका माणूस दोन दिवस नुसता चहा पीत बसला, तर तिसऱ्या दिवशी "कोनाकडे आले, भाऊ?" असं कुणीतरी विचारणारच. वाढत्या पुण्यातल्या नव्या वसाहतींत तशी विचारपूस होत नाही. 1992 मध्ये मोबाइलही नव्हता. व्यभिचार हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण. त्यामुळे पुरावा हवा असलेल्या अशिलासाठी तासन्‌तास ताटकळायचं, फोटो काढायचा आणि रोल धुऊन येईपर्यंत थांबायचं.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत खासगी गुप्तहेराला सरकारी परवाना लागतो. तो रद्द होण्याची भीती तिथल्या कथांमध्ये वारंवार वापरली जाते. भारतात या व्यवसायासाठीचं विधेयक 2007 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. अमरकडे गमवायला परवानाच नाही. त्यामुळे कथेतली सगळी जोखीम त्याच्या संसारावर येऊन पडते, आणि प्राची या चित्रपटात नेहाइतकीच महत्त्वाची ठरते.