शिवेच्या आतले देव

मालवण तालुक्यातलं आचरा गाव दर तीन-चार वर्षांनी रिकामं होतं. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की माणसं तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर राहायला जातात. सोबत गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. उघड्या जागी झापांच्या झोपड्या उभ्या राहतात, तिथेच चुली पेटतात, रात्री भजनं आणि फुगड्या रंगतात. मुदत भरल्यावर देवाने पुन्हा कौल दिला तर माघारी यायचं, नाहीतर मुक्काम वाढवायचा. ही गावपळण. चिंदर-वायंगणीतही ती होते, वैभववाडीकडच्या शिराळ्यातही. तिच्या बातम्या दरवेळी छापून येतात आणि त्यांत भुताखेतांचाच भाग मोठा असतो. मला त्यातलं दुसरंच काही मोलाचं वाटतं. आचऱ्यात हिंदूंबरोबर मुसलमान राहतात, ख्रिस्ती राहतात, आणि गावपळणीत तेही दाराला कुलूप लावून शिवेबाहेर पडतात. कौल रामेश्वराचा असतो. तो पाळला म्हणून कुणाचा धर्म सुटत नाही, आणि पाळणाऱ्याला कुणी तसं विचारतही नाही.

अनेक धर्मांच्या श्रद्धांना मनात जागा देणं म्हटलं की आपल्याला अकबराचा दीन-ए-इलाही आठवतो, किंवा 1893 सालची शिकागोची सर्वधर्म परिषद. त्या विचारपूर्वक काढलेल्या वाटा होत्या. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ही गोष्ट विचारातून आली नाही, राहण्यातून आली. इथली श्रद्धा आधी जागेला बांधलेली आहे, ग्रंथाला नंतर.

गावऱ्हाटी, म्हणजे गावातल्या देवांची आणि मानांची पिढीजात व्यवस्था, जवळून पाहिली की हे कळतं. सातेरी म्हणजे वारूळ. मातीतून वर आलेली देवी. रवळनाथ, पूर्वस, भूतनाथ, वेतोबा हे सारे आपापली जागा धरून बसलेले. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, म्हणून त्या चपला झिजतात, असं गावात सांगतात. गाऱ्हाणं घालणारा मानकरी बारा-पाचाच्या, म्हणजे गावच्या ठरलेल्या सगळ्या देवांना हाक मारतो. लेकराबाळांची, गुराढोरांची, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची राखण मागतो, आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत जातात. राखणदाराचं नातं शिवेच्या आत राहणाऱ्याशी असतं. गोव्यात तर ख्रिस्ती माणूसही देवचाराला मेणबत्ती लावतो, रोट ठेवतो. रविवारी मिस्साला जाणं आणि वाटेवरच्या राखणदाराला न विसरणं, ही दोन्ही कामं एकाच आयुष्यात बसतात.

समुद्राचाही यात हात आहे. भंडारी, गाबीत, खारवी आणि दाल्दी मुसलमान यांचं पोट एकाच पाण्यावर. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, जिथे आज मोरयाचा धोंडा आहे, तिथे पूजा होऊन सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. शिवाजी महाराजांच्या ज्या आरमारासाठी तो किल्ला होता, त्यात दौलतखान आणि मायनाक भंडारी बरोबरीने लढले. 1679 साली खांदेरीला इंग्रजांशी झुंजले ते हेच दोघे. दापोलीजवळच्या केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांनी त्याला इनाम दिलं होतं.

पण ही मोकळीक आपोआप टिकली असं मानणं फार चुकीचं ठरेल. ती मोडायचा किती कसून प्रयत्न झाला हे पाहायला खाडीपलीकडे गोव्यात जावं लागतं. तिथे 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं आणि 1812 साली कायमचं बंद झालं. 1736 साली त्याने एक जाहीरनामा काढला. परसात तुळस लावू नये. एकादशी धरू नये. लग्नात हळद लावू नये, देशी वाद्यं वाजवू नयेत. विड्याची पानं-सुपारी फुलांसह पाठवू नये. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. भातात हिंदूंसारखं मीठ घालायचं टाळू नये, इथपर्यंत. बंदी घालावी लागली, याचाच अर्थ धर्मांतराला दीडशेहून अधिक वर्षं लोटली तरी ख्रिस्ती घरांत हे सगळं चालू होतं. मला हा दस्तऐवज वाचताना गलबलून येतं. कुणीतरी एका बाईच्या परसातलं रोपटं गुन्हा म्हणून लिहून घेतलं होतं, आणि ती बाई क्रूसासमोरही मनापासून गुडघे टेकत होती.

हळद गेली, पण लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाच्या रसाने न्हाऊ घालायचा ‘रोस’ राहिला. तो आजही होतो. गोव्यातून उत्तरेला सरकलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे वंशज आज सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या भागांत आहेत. 2005 साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि सावंतवाडीचं मिलाग्रीस हे त्याचं मुख्य चर्च.

त्याच गोव्यात, जाहीरनाम्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. 1616 साली ते राशोलला छापलं गेलं. येशूची कथा, पण सगळी मराठी ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्या. पुराण ऐकायची सवय असलेल्या कानांना नव्या धर्मातही पुराणच हवं आहे, हे त्याने ओळखलं. हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरंच, तरी त्या ओव्यांत मराठीवरचं जे प्रेम आहे ते काही खोटं नाही.

आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मरियामाता! शिरगावची लईराई, मोरजीची मोरजाई, केळबाई, महामाया अशा सात बहिणी, त्यांतली मिराबाई म्हणजेच ही सायबीण, असं दोन्ही धर्मांचे लोक मानतात. ईस्टरनंतर पंधरवड्याने तिचं फेस्त भरतं. लईराईच्या देवळातून तिला तेल जातं, तिच्याकडून लईराईला मोगरा येतो, असा रिवाज सांगतात. सासर बदललं म्हणून बहीण परकी होत नाही, हा हिशेब इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

देशावर हीच गोष्ट संतांच्या वाटेने आली: श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहून गेले. इकडे कोकणात, दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेले ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, पण भजन-अभंग त्यांनी सोडले नाहीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने धर्म बदलल्यानंतरची त्यांची ती मधली वर्षं ‘स्मृतिचित्रे’त वाचावीत, मनात दुसऱ्या धर्माला जागा होणं किती हळू आणि किती दुखत घडतं ते तिथे दिसतं.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती वगळून कोकणाचं कौतुक करणं मला पटत नाही. गावऱ्हाटीत सगळ्यांना जागा होती, पण ती जातीप्रमाणे नेमून दिलेली. कुणाचा मान देवळाच्या आत, कुणाचा बाहेर. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा देताना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीला देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. कोकणातल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट! ज्या सणाला सारी मुंबई गावाकडे येते, तोच सोडायचा. बौद्धवाडीतल्या माणसाने तो सोडला, कारण सगळे देव मानत राहणं म्हणजे आपली पायरीही मानत राहणं, हे त्याने भोगलं होतं. मुसलमान शेजारी गावपळणीत आला म्हणून आपण हरखतो. मग चतुर्थीला जेवायला आलेला बौद्ध मित्र आरतीच्या वेळी हात न जोडता उभा राहिला, तर त्याच्या पानात मोदक तितक्याच मायेने पडला पाहिजे. वाडीवाडीतल्या जाणत्या मंडळींनी हे आपल्या पोरांना चतुर्थीच्या आधी सांगावं, असं मला मनापासून वाटतं.