भ्रमणध्वनी मनोरे, रहिवाशांचा विरोध आणि शंकाविष

सोसायटीच्या गच्चीवर भ्रमणध्वनीचा मनोरा उभा राहणार अशी कुणकुण लागली की वस्तीत दोन तट पडतात. एका तटाला दरमहा मिळणारे भाडे दिसते, तर दुसऱ्याला घरातील लेकराबाळांचे आरोग्य. सह्यांची मोहीम होते, महापालिकेकडे अर्ज जातात आणि अनेकदा परिसरातील वैद्याकडे मागणी येते, “या मनोऱ्यामुळे आजार होतात असे आम्हांला लिहून द्या.” अशा वेळी वैद्याने कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार व्हावा या हेतूने प्रस्तुत विवेचन करीत आहोत.

विरोधाची पार्श्वभूमी

मुंबईत मलबार हिल, कारमायकेल रोड यांसारख्या वस्त्यांतील रहिवाशांनी २०१० नंतर या प्रश्नावर आवाज उठविला. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागास सादर केलेल्या अहवालाने या चळवळीला बळ मिळाले. ३१ मे २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींचा समावेश ‘२ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात केला. पुढे १ सप्टेंबर २०१२ पासून भारत सरकारने मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. त्यानुसार ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ०.४५ वॅट, तर १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट ही कमाल मर्यादा ठरली.

न्यायालयांचे निर्णय मात्र एकाच दिशेचे नाहीत. राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये शाळा व रुग्णालयांवरील मनोरे हटविण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये ग्वाल्हेर येथील एका कर्करुग्णाच्या अर्जावरून एक मनोरा बंद ठेवण्यास सांगितले. याउलट अभिनेत्री जुही चावला यांचा ‘५जी’विरोधी दावा दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये फेटाळून २० लाख रुपयांचा दंड केला; जानेवारी २०२२ मध्ये तो २ लाखांवर आणण्यात आला.

विज्ञानाची साक्ष

वृत्तपत्रांत सर्रास वापरला जाणारा ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द येथे दिशाभूल करतो. क्ष-किरण व गॅमा किरण अणूतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि जनुकद्रव्याला इजा करू शकतात. मनोऱ्याच्या रेडिओ लहरींत तेवढी ऊर्जा नसते. त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीरातील धातूंचे तापणे, आणि तो टाळण्यासाठीच उपरोक्त मर्यादा आहेत. ‘२ब’ हा गटही नीट समजून घ्यावयास हवा. पुरावा मर्यादित असल्याने शक्यता नाकारता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे, हे कुमारीचा नित्य उपयोग करणाऱ्या आपणा वैद्यांना विशेष उद्बोधक वाटेल.

ब्रिटनमध्ये चार वर्षांपर्यंतच्या १,३९७ कर्करुग्ण बालकांची तुलना चौपट निरोगी बालकांशी करण्यात आली. गर्भारपणी मातेचे मनोऱ्याजवळ वास्तव्य आणि बालकाचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही, असा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या २०२४ च्या व्यापक आढाव्यातही भ्रमणध्वनीचा वापर व मेंदूचा कर्करोग यांत संबंध दिसला नाही. दुसऱ्या बाजूस, अमेरिकेतील २०१८ च्या प्रयोगांत दीर्घकाळ तीव्र लहरींत ठेवलेल्या नर उंदरांच्या हृदयात अर्बुदे आढळली, हेही नमूद केले पाहिजे. तथापि त्या लहरींची तीव्रता मनोऱ्याशेजारच्या घरात पोहोचणाऱ्या तीव्रतेहून कितीतरी अधिक होती.

अंतराचे गणितही ध्यानी घ्यावे. अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक-चतुर्थांश होते. अँटेनाचा झोत विजेरीप्रमाणे समोर व किंचित खाली जातो. म्हणून मनोऱ्याच्या थेट खालच्या घरापेक्षा समोरच्या इमारतीच्या त्याच उंचीवरील खिडकीचा प्रश्न मोठा ठरतो. भाडे एका इमारतीला आणि झोत दुसरीला, अशी ही विषम वाटणी आहे! शिवाय मनोरा दूर गेला व संकेत क्षीण झाला की कानाशी धरलेला भ्रमणध्वनी आपली शक्ती वाढवितो, ही गोष्ट बहुधा कोणी ध्यानात घेत नाही.

शंकाविष

मग डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, असे सांगणारे रहिवासी खोटे बोलतात काय? मुळीच नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तेविसाव्या अध्यायात ‘शंकाविष’ वर्णिले आहे. दाट अंधारात काहीतरी टोचते, आपल्याला विषारी प्राण्याने दंश केला अशी शंका मनात येते आणि त्या उद्वेगानेच ज्वर, छर्दी, मूर्च्छा, दाह, ग्लानी, मोह, अतिसार ही लक्षणे उत्पन्न होतात. विष नसले तरी व्याधी आहे, आणि आचार्य त्याची चिकित्साही सांगतात. तीत द्राक्षा, मधुक, मध यांसारखी द्रव्ये आहेतच. त्यांच्या जोडीला सांत्वन व हर्षण यांनाही स्थान आहे.

आधुनिक प्रयोग याच्याशी जुळतात. स्वतःला अशा लहरींचा त्रास होतो असे मानणाऱ्या ७२५ जणांवरील ३१ प्रयोगांचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लहरी चालू आहेत की बंद हे ठाऊक नसताना या व्यक्तींना त्या ओळखता येतात, असा भक्कम पुरावा त्यातून मिळाला नाही. लक्षणे मात्र खरी होती.

परंतु शंकाविषाचे निदान करण्याचा अधिकार दंशस्थान पाहिल्यानंतरच प्राप्त होतो. रुग्णाला न तपासता ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणणारा वैद्य आणि न मोजता ‘मनोऱ्यानेच झाले’ असे लिहून देणारा वैद्य, दोघेही सारखेच प्रमादी होत.

रहिवाशांचे न्याय्य मुद्दे

आरोग्याची भीती बाजूला ठेवली तरी विरोधाला सबळ आधार उरतात. जुन्या इमारतीवर येणारा भार, डिझेल जनित्राचा आवाज व धूर, सभेत सर्वांना न विचारता झालेला करार, हे मुद्दे मोजता येतात व सिद्ध करता येतात. रात्रभर जनित्र धडधडत असेल तर निद्रानाशाचे कारण लहरींत शोधण्याची गरज नाही. दूरसंचार विभागाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत अँटेनासमोरील इमारतीसाठी अंतरे दिली होती. एका अँटेनासाठी ती २० मीटर, दोनसाठी ३५ मीटर अशी होत. मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ या सरकारी सेवेद्वारे मनोऱ्याची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. मोजणीचा एक आकडा शंभर सह्यांपेक्षा अधिक बोलतो. तो मर्यादेबाहेर निघाला तर तक्रारीला धार येते, आत निघाला तर अनेकांची झोप परत येते.

वैद्याचे कर्तव्य

विमानस्थानात आचार्यांनी वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीने सर्व जनपदाला पीडा होते असे सांगितले आहे. परिसराबद्दल सजग राहणारा रहिवासी आपल्या शास्त्राला परका नाही. त्याची चिंता आदराने ऐकावी. लक्षणे केव्हा सुरू झाली, तेव्हा अँटेना कार्यान्वित झाली होती काय, रुग्ण रात्री किती वेळ भ्रमणध्वनी हाताळतो, याची नोंद करावी. रक्तदाब, रक्तशर्करा, नेत्र यांची तपासणी करावी. गाठ, रक्तस्राव, अकारण वजन घटणे ही चिन्हे असतील तर रुग्णास विनाविलंब कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मनोऱ्यावर खापर फोडण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. लहरी ‘शोषून घेणाऱ्या’ चकत्या वा ताईत आपल्या चिकित्सालयात विक्रीस ठेवू नयेत. प्रमाणपत्र मागितल्यास जे तपासले तेवढेच लिहावे.

विषाद हा रोग वाढविणाऱ्या भावांत अग्रणी आहे, असे सूत्रस्थान सांगते. मनोऱ्याचा निर्णय रहिवाशांच्या सभेने, अभियंत्याने व न्यायालयाने करावा. त्या वादात भयाने ग्रासलेल्या माणसाचा विषाद आणखी वाढणार नाही, एवढी दक्षता घेणे आपल्या हाती आहे.