थांबा कोणी म्हणायचे?

२६ जुलै २००५ म्हटले की मराठी वाचकाला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो, तुंबलेली मिठी आठवते, रेल्वे रुळांवरून रात्रभर चालत घरी निघालेली माणसे आठवतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ जुलैला, त्याच शहराच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात काय झाले ते मात्र फार थोड्यांच्या लक्षात आहे. मुंबई हाय या तेलक्षेत्राचा उत्तरेकडचा मुख्य प्लॅटफॉर्म त्या दुपारी पेटला आणि दोनेक तासांत समुद्रात कोसळला. प्लॅटफॉर्म, त्याला लागून असलेली रिग आणि जवळ आलेले जहाज मिळून ३८४ माणसे तिथे होती. ३६२ वाचली, २२ गेली. शहर स्वतःचेच मृतदेह मोजत असताना समुद्रातले कोण मोजणार? पण विस्मरणाचे कारण केवळ पाऊस नव्हे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तिथे तेल शोधले, १९७६ साली उत्पादन सुरू झाले, आणि तेव्हापासून मुंबई हाय, तेव्हाचे बॉम्बे हाय, हा आपल्या अभिमानाचा विषय राहिला. तिथे कामाला जाणारा माणूस जुहूहून हेलिकॉप्टरने उडतो, चौदा दिवस दिसेनासा होतो आणि परत येतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर जशी वस्ती असते, चहाची टपरी असते, तसे इथे काहीच नसते. तिथला धोका पाहायला शेजारीच नाही.

तो दिवस नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्याची सुरुवात अगदी किरकोळ गोष्टीने झाली. ‘समुद्र सुरक्षा’ नावाच्या बहुउद्देशीय जहाजावरील एका स्वयंपाक्याची दोन बोटे कापली गेली. पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळेना. मग जहाज प्लॅटफॉर्मजवळ न्यायचे आणि जखमी माणसाला क्रेनच्या पाळण्यातून वर घ्यायचे, असे ठरले. वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या बाजूची क्रेन उपलब्ध नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडावरच्या बाजूला आले. म्हणजे इंजिन कुठे कमी पडले तर लाट जहाजाला दूर नेणार नाही, थेट प्लॅटफॉर्मवर ढकलणार. त्याच बाजूला रायझर होते. समुद्रतळावरून वायू आणि तेल वर-खाली नेणाऱ्या या उभ्या नळ्या म्हणजे प्लॅटफॉर्मचा सर्वांत नाजूक भाग. त्यात जहाजाला जागच्या जागी धरून ठेवणारी यंत्रणा नीट प्रतिसाद देत नव्हती आणि जहाज हाताने सांभाळले जात होते. जखमी माणूस सुखरूप वर पोहोचला. त्यानंतर जहाज लाटेवर उचलले गेले, त्याचा हेलिपॅड रायझरवर आदळला, वायू सुटला आणि पेटला. रायझरमध्ये मैलोगणती नळाचा वायू साठलेला असतो. तो संपेपर्यंत आग विझत नाही. जीवरक्षक नौका होत्या, पण त्यांतल्या बहुतेक उतरवताच आल्या नाहीत. जहाजावर खोल पाण्यातल्या कामासाठी दाबकक्षात बसलेले सहा पाणबुडे होते. दाब हळूहळू उतरवल्याशिवाय त्यांना बाहेर काढणे म्हणजे मारणेच. त्यांची सुटका सुमारे दीड दिवसाने झाली. ‘समुद्र सुरक्षा’ १ ऑगस्टला बुडाले.

या साखळीतली एकही कडी अज्ञात नव्हती. क्रेन बंद आहे हे प्लॅटफॉर्मवर माहीत होते, जहाजाला जागी धरणारा थ्रस्टर रेंगाळतो आहे हे जहाजावर माहीत होते, रायझर कोणत्या बाजूला आहेत हे नकाशावरच होते आणि जुलैचा समुद्र कसा असतो हे कोळ्याच्या पोरालाही कळते. कमी पडली ती माहिती नव्हे. ही सगळी तुकड्यातुकड्यांची माहिती एका माणसाच्या हाती येऊन त्याने ‘थांबा’ म्हणावे आणि त्याचे ऐकले जावे, अशी जागाच त्या व्यवस्थेत नव्हती. माझे म्हणणे एवढेच आहे: समुद्रातील तेलक्षेत्रात माणसे मरतात ती बहुधा दोन अधिकारक्षेत्रांच्या सांध्यावर. जहाज आणि प्लॅटफॉर्म, मालक आणि कंत्राटदार, एक पाळी आणि दुसरी पाळी यांच्यामधल्या जागेत प्रत्येकाकडे काम चालू ठेवण्याचे कारण असते. थांबवण्याचा निर्विवाद अधिकार कोणाकडेच नसतो.

सोळा वर्षांनी हेच अधिक क्रूरपणे दिसले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा पी-३०५ हा निवासी बार्ज हिरा तेलक्षेत्राजवळ होता. त्यावर २६१ माणसे होती, बहुतेक कंत्राटी: वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी, देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेली. काम ओएनजीसीचे, कंत्राट ॲफकॉन्सचे, बार्ज तिसऱ्याच कंपनीचा. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. कंत्राटदाराच्या निवेदनानुसार बार्ज प्लॅटफॉर्मपासून २०० मीटर बाजूला घेऊन नांगरून ठेवण्याचा निर्णय बार्जच्या कप्तानाचा होता. वादळात नांगर सुटले, स्वतःचे इंजिन नसलेला तो बार्ज भरकटला, एका प्लॅटफॉर्मवर आदळला, त्याला भोक पडले आणि संध्याकाळी तो बुडाला. त्याच वादळात ‘वरप्रदा’ हा टग बुडाला. दोन्ही मिळून ८६ माणसे गेली. नौदलाने, विशेषतः ‘आयएनएस कोची’ आणि ‘आयएनएस कोलकाता’ या युद्धनौकांनी, उसळत्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले नसते तर हा आकडा कुठे गेला असता याची कल्पना करवत नाही. पुढचे कित्येक दिवस रायगडच्या आणि गुजरातमधील वलसाडच्या किनाऱ्यांवर मृतदेह लागत होते आणि ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. जबाबदारीचे उत्तर मात्र तेव्हा गोल फिरत होते. तेल कंपनी म्हणे, बार्ज कंत्राटदाराचा. कंत्राटदार म्हणे, सागरी निर्णय बार्जमालकाचा. आणि गुन्हा नोंदवला गेला कप्तानावर, जो स्वतःच बेपत्ता होता.

यावर पहिला आक्षेप निसर्गाचा असतो. समुद्र आहे, वादळ आहे, माणूस काय करणार? आक्षेप पूर्ण खोटा नाही. तौक्ते अपेक्षेहून झपाट्याने बळावले. पण समुद्रात काम करणाऱ्याचा अंदाज चुकू शकतो हे गृहीत धरूनच तर मर्यादा ठरवायची असते. वाऱ्याचा अंदाज अमुक झाला की बार्ज बंदरात, मग काम अर्धवट राहो की भाडे वाया जावो, असा दगडावरच्या रेघेसारखा नियम असता, तर अंदाज थोडा चुकल्यानेही माणसे बंदरातच असती. निर्णय प्रसंगावर सोपवला की तो पैशाच्या बाजूने झुकतो. पावसाळा तोंडावर असताना तर अधिकच, कारण जूनच्या आत काम उरकले नाही तर मोसमच हातचा जातो. अशा वेळी एकट्या कप्तानाच्या विवेकावर विसंबणे म्हणजे ज्याच्या मानेवर सर्वाधिक दाब, त्यालाच न्यायाधीश करणे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून येते. मग प्रत्येक शंकेला उत्पादन थांबवायचे का? याचे उत्तर ६ जुलै १९८८ च्या रात्रीने दिले आहे. उत्तर समुद्रात स्कॉटलंडच्या किनाऱ्याबाहेर पायपर आल्फा प्लॅटफॉर्म पेटला, १६७ माणसे मेली. सुरुवात पाळी बदलण्याच्या सांध्यावर झाली: एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता, हे रात्रपाळीपर्यंत पोहोचलेच नाही आणि तोच पंप चालू केला गेला. पण आग एवढी वाढली ती शेजारच्या क्लेमोर आणि टार्टन या प्लॅटफॉर्मांमुळे. पायपर जळताना दिसत असूनही तिथून सामाईक नळांत तेल आणि वायू येतच राहिला. उत्पादन तोडण्याचा निर्णय आपण एकट्याने घ्यावा, असे तिथल्या प्रमुखांना वाटले नाही. एवढ्या मोठ्या नळात पुन्हा दाब भरायला लागणारा खर्च आणि वेळ त्यांना ठाऊक होता. त्या थोड्या वेळाच्या उत्पादनाची किंमत पुढे विम्याच्या इतिहासातील एका प्रचंड दाव्यात मोजली गेली. २००५ च्या आगीनेही मुंबई हायचे उत्पादन एका फटक्यात लाखभर बॅरल रोजाने खाली आणले. उत्पादन आणि सुरक्षा यांची तराजूची दोन पारडी मांडणारे हा हिशेब बाजूला ठेवतात.

पायपरनंतर लॉर्ड कलन यांच्या आयोगाने १९९० साली १०६ शिफारशी केल्या. त्यांतली सर्वांत खोल शिफारस यंत्रांबद्दल नव्हती. समुद्रातील सुरक्षेची देखरेख ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र आरोग्य-सुरक्षा यंत्रणेकडे द्या, असे त्यांनी सांगितले आणि ते झाले. तेल वाढवणे हे ज्याचे काम, त्यानेच तेल थांबवण्याचा हुकूम द्यावा ही अपेक्षा मानवी स्वभावाला धरून नाही. अमेरिकेला हेच २०१० साली डीपवॉटर होरायझन या रिगवर ११ जीव गेल्यावर कळले आणि तिथेही महसूल गोळा करणारे व सुरक्षा पाहणारे कार्यालय वेगळे केले गेले. आपल्याकडे नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेचे नियम २००८ साली आले, बऱ्याच अंशी २००५ च्या धक्क्याने, आणि तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाला सक्षम प्राधिकरण ठरवले गेले. तिथले तज्ज्ञ कच्चे आहेत असेही नाही. पण हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या हाताखाली आहे. तेच मंत्रालय उत्पादनाची उद्दिष्टे ठरवते आणि ओएनजीसीत सरकारचाच मोठा हिस्सा आहे. शिवाय जहाजे आणि बार्ज यांचा कारभार नौवहन महासंचालनालयाकडे आणि हेलिकॉप्टरचा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. जानेवारी २०१८ मध्ये पवनहंसचे हेलिकॉप्टर कोसळून सातही जण गेले, जून २०२२ मध्ये दुसरे समुद्रात उतरून नऊपैकी चार गेले. प्रत्येक वेळी चौकशीचे दार निराळे. तिकडे कामगार मात्र त्याच आठवड्यात हेलिकॉप्टर, बार्ज आणि प्लॅटफॉर्म या तिन्हींवर असतो.

मग तळातल्या माणसाच्या हाती काय आहे? नॉर्वेत १९८० साली अलेक्झांडर शेलान हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटून १२३ जण गेले. त्या देशात कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा प्रतिनिधीला धोकादायक काम जागच्या जागी थांबवण्याचा कायदेशीर अधिकार आहे. आपल्या २०२० च्या सुरक्षाविषयक कामगार संहितेत कामगाराला गंभीर धोका मालकाला आणि निरीक्षकाला कळवता येतो. कळवणे आणि थांबवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर कंत्राटी कामगारासाठी आणखी वाढते. त्याला कामावर आणणारा मुकादम उपकंत्राटदाराचा, उपकंत्राटदार कंत्राटदाराचा. तक्रार केली की पुढच्या फेरीत नाव नसते, आणि त्यासाठी कोणाला कारण लिहून द्यावे लागत नाही. ‘कामगारच हेल्मेट घालत नाहीत’ हा सभांमधून ऐकू येणारा सूर म्हणूनच मला उथळ वाटतो. पी-३०५ वरच्या लोकांनी लाइफ जॅकेट घातली होती. त्यांतले बरेच जण त्या जॅकेटांसह मिळाले.

बंगळुरात बसून हा विषय पाहताना एक उत्तर हमखास समोर येते, कारण ते इथेच तयार होते: सेन्सर लावा, समुद्रातली माणसे कमी करा, दुरूनच नजर ठेवा. देवनहळ्ळीच्या बाजूला शेल कंपनीचे मोठे तंत्रकेंद्र आहे, आणि तेल कंपन्यांसाठी प्रणाली लिहिणारे अभियंते या शहरात कमी नाहीत. त्यांच्या कामाचा उपयोग निर्विवाद आहे. प्लॅटफॉर्मवर एक माणूस कमी म्हणजे एक जीव कमी धोक्यात. पण पडद्यावरचा लाल दिवा बघणारा माणूस फोन उचलून काम बंद करू शकतो का, की तो फक्त अहवाल पुढे पाठवतो? तौक्तेचा मार्ग उपग्रहांनी तासातासाला दाखवला होता. अधिक पडदे लावल्याने पाहणारे वाढतील. अधिकार असलेले वाढतीलच असे नाही.

थांबवण्याच्या अधिकाराचा हा प्रश्न आता टोकाचा होतो आहे. मुंबई हायचे कितीतरी सांगाडे चाळीस वर्षांच्या पुढे गेले आहेत. २०२५ साली ओएनजीसीने ब्रिटिश पेट्रोलियमला, म्हणजे डीपवॉटर होरायझनच्या वेळच्या मुख्य कंपनीलाच, तांत्रिक सेवा पुरवण्याचे दहा वर्षांचे काम दिले, आणि तेलाचे उत्पादन ४४ टक्क्यांपर्यंत वाढवता येईल असा अंदाज जाहीर झाला. उत्पादन वाढायचे तर नव्या विहिरी, नळांची दुरुस्ती, जुन्या पोलादावर नवे वेल्डिंग, आणि त्यासाठी पुन्हा निवासी बार्ज आणि त्यांवर दोन-अडीचशे माणसे. त्या बार्जांच्या करारात वाऱ्याच्या कोणत्या वेगाच्या अंदाजाला नांगर उचलायचा हा आकडा लिहिलेला असावा, तो हुकूम देणारा अधिकारी ओएनजीसीचा, कंत्राटदाराचा किंवा पेट्रोलियम मंत्रालयाचा नसावा, आणि फुकट गेलेल्या दिवसांचे भाडे कोणी सोसायचे हेही त्याच पानावर ठरलेले असावे. हे शेवटचे कलम सर्वांत रूक्ष आहे, आणि बाकीची दोन त्याच्याशिवाय कागदावरच राहतील.