गाडी उलाळ होऊ नये म्हणून

भोर तालुक्यातल्या वरवे बुद्रुकमध्ये भाताची पोती बैलगाडीत कशी रचायची, हे जुन्या जाणत्यांना सांगावं लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढचं टोक वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं. पोत्यांचा हा नियम रिमोटच्या गाडीतल्या अर्ध्या किलोच्या बॅटरीलाही जसाच्या तसा लागू पडतो, याचं मला फार नवल वाटतं.

नायट्रो इंधनावर पळणारी, खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाच्या मापाची बग्गी घ्या. तिचं साडेतीन सीसीचं इंजिन आणि १२५ मिलिलिटरची टाकी काढायची. त्या जागी ब्रशलेस मोटर, स्पीड कंट्रोलर आणि चार सेलची लायपो बॅटरी बसवायची. टाकीतलं इंधन शंभर ग्रॅमच्या थोडं वर भरतं आणि पळता पळता संपतं. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी मात्र ५०० ग्रॅमच्या आसपास, आणि ती उतरली तरी काट्यावर तेवढीच. आइन्स्टाइनच्या सूत्राने हिशेब केला तर पूर्ण उतरलेली बॅटरी भरलेल्या बॅटरीपेक्षा जेमतेम ३ नॅनोग्रॅमने हलकी, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या तिप्पट! हा भार गाडीला शेवटपर्यंत वाहायचा आहे, म्हणून त्याची जागा आधी ठरवायला हवी.

ती ठरवायला स्वयंपाकघरातले दोन वजनकाटे पुरतात. एकावर पुढची चाकं ठेवा, दुसऱ्यावर मागची. समजा, पुढे १४०० ग्रॅम भरले आणि मागे २१००. दोन आसांमधलं अंतर ३२५ मिलिमीटर आहे. आता बॅटरी ६५ मिलिमीटर पुढे सरकवा. हे अंतर एकूण अंतराचा पाचवा हिस्सा, म्हणून बॅटरीच्या वजनाचाही पाचवा हिस्सा पुढे जातो. काटे १५०० आणि २००० दाखवतात. गाडीत एक ग्रॅमही घातला नाही, तरी पुढची चाकं वळणावर जमीन अधिक घट्ट धरतात आणि मागच्यांची पकड तेवढी सुटते. डाव्या-उजव्या बाजूंचंही असंच: बॅटरी एका अंगाला, तर मोटर दुसऱ्या.

पण काटे एक गोष्ट सांगत नाहीत. कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून पाहा. दोन्ही टोकांचा भार वळूच देत नाही. तेच ओझं छातीशी धरलं तर सहज वळता येतं. मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की वळायला होणारा विरोध चौपट होतो. म्हणून बॅटरीचे दोन भाग करून एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या टोकाला बसवला, तर काटे खूश होतात, गाडी मात्र वळणावर आळसते. बॅटरी मध्याजवळ हवी आणि चासीला लागून खाली हवी, कारण भार जितका उंच तितकी गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते.

लायपोचं आवरण मऊ असतं. तिला स्क्रूचं टोक लागू देऊ नका, पट्ट्याने घट्ट बांधा, फुगलेली बॅटरी वापरू नका आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नका.

आणि एक विनंती. आधी बॅटरी दुहेरी चिकटपट्टीने बसवा, काट्यांवर तोला, अंगणात चार फेऱ्या मारा. जागा पक्की पटल्यावरच चासीला भोक पाडा.